पारलिंगी व्यक्तींच्या हातांवरील सौंदर्योपचार: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मागील अंकात या सदरात लिंगभावपुष्टीच्या उपचारांची, म्हणजे व्यक्तीला स्वतःला जाणवणाऱ्या लिंगभावाशी शरीर जुळवून घेण्यासाठी दिल्या जाणाऱ्या संप्रेरकांची आणि शस्त्रक्रियांची, ओळख करून दिली होती. त्यानंतर आलेल्या पत्रांत चेहऱ्यापेक्षा हातांविषयीच अधिक विचारणा होती. चेहऱ्यावर प्रसाधन करता येते आणि अंगावर पोशाख असतो. हात मात्र पैसे देताना, चहाचा कप धरताना, नमस्कार करताना उघडेच असतात, त्यामुळे ही काळजी समजण्यासारखी आहे. निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न: मी २९ वर्षांची ट्रान्स स्त्री (जन्माच्या वेळी पुरुष ठरवली गेलेली) असून दोन वर्षांपासून डॉक्टरांच्या देखरेखीखाली इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घेत आहे. चेहरा आणि त्वचा बदलली, पण हाताचा पंजा तसाच रुंद राहिला. बहिणीच्या लग्नात कासाराकडे बांगड्या भरायला बसले, तेव्हा २.१० चे मापही मुठीशी अडले आणि सगळ्यांसमोर मला फार ओशाळल्यासारखे झाले. शस्त्रक्रियेने पंजा अरुंद करता येईल का? (एक वाचक, सांगली)

उत्तर: नाही. हे उत्तर सुरुवातीलाच स्पष्ट देतो, कारण या एका आशेपायी लोक बराच पैसा घालवतात. पंजाची रुंदी मुख्यतः तळहातातील पाच लांब हाडांवर आणि त्यांच्या टोकाशी असलेल्या सांध्यांवर ठरते. ही हाडे ज्या कूर्चेपासून वाढतात, ती कूर्चा साधारणपणे सोळा ते अठरा वर्षांच्या सुमारास हाडात रूपांतरित होते आणि त्यानंतर कोणतेही संप्रेरक हाडाची लांबी किंवा रुंदी कमी करू शकत नाही. हाताची हाडे कापून लहान करण्याचे तंत्र अस्तित्वात आहे, पण ते अपघात, गाठी किंवा जन्मजात व्यंग यांसाठी आहे. निरोगी हातावर केवळ आकारासाठी ते वापरले, तर स्नायुबंधांचा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांचा, ताण बिघडतो, सांधे आखडतात, मुठीची पकड कमी होते, आणि हाताच्या पाठीवर व्रण उरतात ते वेगळेच. काम करणारा हात देऊन दिसायला थोडा लहान हात घेणे, हा व्यवहार मी कोणालाही सुचवणार नाही.

बोटे बारीक करण्यासाठी चरबी शोषून घेण्याच्या शस्त्रक्रियेविषयीही काहीजण विचारतात. बोटांत काढण्याजोगी चरबी फारशी नसते, आणि प्रत्येक बोटाच्या दोन्ही कडांनी संवेदनेच्या नसा व रक्तवाहिन्या जातात. तेथे नळी फिरवणे धोक्याचे आहे. अंगठ्याजवळचे स्नायू बारीक व्हावेत म्हणून बोटुलिनमची इंजेक्शने घेण्याची कल्पनाही अधूनमधून कानावर येते. त्याने स्नायू काही महिने दुबळा होतो, म्हणजे डब्याचे झाकण उघडणे किंवा चिमटीत सुई धरणे अवघड होते. मला तो फायद्याचा सौदा वाटत नाही.

संप्रेरकांनी जे होण्यासारखे आहे, ते बहुधा तुमच्या बाबतीत झाले आहे किंवा अजून होत आहे. त्वचा मऊ होऊ लागते ती साधारण तीन ते सहा महिन्यांत. चरबीची नवी मांडणी पूर्ण व्हायला दोन ते तीन वर्षे लागतात. अंगावरील जाड केस कमी होण्याचा परिणाम तीन वर्षांनंतरही चालू राहू शकतो. तेव्हा दोन वर्षांनंतरचा हात हा अखेरचा हात समजू नका.

आता बांगड्यांविषयी. २.१० म्हणजे आतला व्यास दोन पूर्णांक दहा सोळांश इंच, सुमारे ६७ मिलिमीटर, त्यापुढचे २.१२ चे माप सुमारे ७० मिलिमीटरचे असते आणि मोठ्या दुकानांत ते मिळते. बांगडी अडते ती मनगटाशी नव्हे, तर अंगठ्याच्या मुळापासून करंगळीच्या सांध्यापर्यंतच्या सर्वांत रुंद भागाशी. अंगठा तळहाताच्या मध्यभागी दुमडून, हाताला साबण लावून किंवा पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून बांगडी सरकवली तर एक माप सहज वाचते, हे कोणताही अनुभवी कासार सांगेल. पेच किंवा बिजागरी असलेले तोडे, पाटल्या व कडी मनगटाच्या मापाने घेता येतात आणि मनगट पंजापेक्षा पुष्कळ अरुंद असल्यामुळे ती हातावर नीट बसतात. ज्यांच्या हातावर मोठे माप लागते अशा स्त्रिया कासाराकडे रोज येत असतात; शेतात राबलेल्या हातांना २.४ ची बांगडी क्वचितच जाते.

प्रश्न: हाताच्या पाठीवर आणि बोटांच्या पेरांवर काळे, जाड केस आहेत. वॅक्सिंग करून कंटाळले. लेझरने ते कायमचे जातील का? माझा रंग सावळा आहे आणि मनगटावर लहानपणी आजीने गोंदवून घेतलेले गोंदण आहे. मी पार्लरमध्ये मेंदी काढण्याचे काम करते. (एक वाचक, सोलापूर)

उत्तर: हातांच्या सर्व उपचारांपैकी ज्याचा खर्च आणि त्रास यांच्या मानाने लाभ अधिक, असा उपचार मला विचाराल तर केस काढण्याचाच आहे. इस्ट्रोजेनने आणि अँड्रोजेनविरोधी, म्हणजे पुरुष-संप्रेरकांना रोखणाऱ्या, औषधांनी हे केस विरळ व संथ होतात, पण बोटांवर एकदा जाड झालेला केस बहुधा पूर्णपणे नाहीसा होत नाही.

लेझरचा प्रकाश केसातील काळ्या रंगद्रव्यात शोषला जातो, त्याची उष्णता होते आणि ती मुळाला इजा करते. अडचण अशी की तेच रंगद्रव्य त्वचेतही असते. सावळ्या त्वचेवर १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचे एनडी याग लेझर अधिक सुरक्षित मानले जाते, कारण त्याचा प्रकाश वरच्या थरात कमी शोषला जातो. ७५५ नॅनोमीटरच्या अलेक्झांड्राइट लेझरने आपल्याकडच्या त्वचेवर भाजल्याचे डाग पडण्याची शक्यता जास्त असते. डायोड लेझर या दोहोंच्या मधले असून अनुभवी हातात चांगले काम देते. तेव्हा कोणते यंत्र आहे हे विचारायला संकोच करू नका, आणि आधी एका लहानशा जागी चाचणी करून काही दिवस वाट पाहा. सहा ते आठ बैठका, प्रत्येकीत सुमारे सहा ते आठ आठवड्यांचे अंतर, असा हिशेब सामान्यतः असतो. त्यानंतरही वर्षा-दोन वर्षांनी एखादी बैठक लागू शकते, म्हणून लेझरला 'कायमची घट' म्हणणे योग्य. केस समूळ आणि कायमचे काढणारी मान्य पद्धत विद्युत्-सुईची, म्हणजे इलेक्ट्रोलिसिसची आहे. तीत एकेका केसाच्या मुळाशी सुई घालावी लागते, त्यामुळे वेळ फार जातो. पण पेरांवरचे मोजके केस किंवा लेझरला दाद न देणारे पांढरे केस यांसाठी ती उत्तम आहे.

तुमच्या कामामुळे दोन गोष्टी विशेष सांगाव्या लागतील. हातावर मेंदीचा रंग शिल्लक असताना लेझर करू नये, कारण रंगलेली त्वचा प्रकाश शोषते आणि भाजते. सरावासाठी स्वतःच्या हातावर मेंदी काढत असाल, तर बैठकांच्या काळात दुसरे काहीतरी वापरा. गोंदणाचा रंगही प्रकाश तसाच शोषतो. गोंदण आणि त्याच्या कडेची थोडी जागा झाकून सोडायला तंत्रज्ञाला आधीच सांगा, नाहीतर गोंदण विटेल आणि तेथे फोड येतील. त्याखालचे केस हवे तर सुईने काढता येतील. शिवाय बैठकीपूर्वी चार ते सहा आठवडे वॅक्सिंग थांबवावे, कारण मूळच उपटले गेले तर लेझरला लक्ष्य राहत नाही. आदल्या दिवशी फक्त वस्तरा फिरवावा.

आणखी एक. पत्राच्या शेवटी तुम्ही हात उजळवण्यासाठी औषधाच्या दुकानातून आणलेल्या क्रीमचा उल्लेख केला आहे. अशा अनेक मिश्र क्रीमांत तीव्र स्टिरॉइड असते. २०१८ साली भारतात बहुतेक स्टिरॉइडयुक्त मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई झाली, तरी ती सर्रास मिळतात. ती महिनोन्महिने लावली की त्वचा पातळ होते, शिरा ठळक दिसू लागतात आणि लावलेल्या जागी केसही वाढू शकतात; म्हणजे तुम्हाला जे नको आहे तेच सगळे. ते क्रीम एकदम बंद करण्याऐवजी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून टप्प्याने सोडा.

प्रश्न: वय ४३. हातांवरच्या फुगलेल्या हिरव्या शिरा मला अतिशय पुरुषी वाटतात. एका ठिकाणी फिलर सुचवले, दुसऱ्या ठिकाणी शिरा इंजेक्शनने बंद करून घ्या असे सांगितले. काय करावे? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: हाताच्या पाठीवरची त्वचा आणि खालचे स्नायुबंध यांच्या मध्ये चरबीचे पातळ थर असतात. शिरा आणि संवेदनेच्या नसा मधल्या थरातून जातात. वय वाढले की, वजन घटले की किंवा मूळचीच चरबी कमी असली की हे थर झिजतात आणि शिरा व स्नायुबंध उठून दिसतात. फिलर म्हणजे त्वचेखाली टोचायचे भरीव द्रव्य; त्याचा हेतू वरच्या थरात भर घालून शिरा झाकण्याचा असतो.

यासाठी दोन प्रकारची द्रव्ये प्रामुख्याने वापरली जातात. कॅल्शियम हायड्रॉक्सिलापटाइट या द्रव्याला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने हातांसाठी २०१५ साली मान्यता दिली. हायलुरॉनिक आम्लाच्या एका फिलरला हीच मान्यता २०१८ साली मिळाली. पहिले पांढरट असल्यामुळे शिरांचा रंग चांगला झाकते, पण ते विरघळवण्याचे खात्रीचे औषध नाही, आणि पुढे हाताचा क्ष-किरण फोटो काढला तर त्यात ते दिसते, म्हणून तेव्हा डॉक्टरांना सांगावे लागते. दुसरे नको वाटल्यास हायलुरोनिडेज या विकराने विरघळवता येते. प्रथमच करून पाहणाऱ्याने मागे फिरता येईल असा मार्ग आधी धरावा, असे माझे मत आहे. त्यांचा परिणाम साधारण सहा महिने ते वर्षभर टिकतो. स्वतःच्या पोटाची किंवा मांडीची चरबी काढून हातात भरण्याची पद्धत अधिक काळ टिकते, मात्र भरलेल्या चरबीचा काही भाग शरीर शोषून घेते, सूज काही आठवडे राहते आणि कधी दुसऱ्यांदा भरावी लागते.

येथे एक सूक्ष्म गोष्ट लक्षात घ्यायला हवी, जी जाहिरातीत सांगितली जात नाही. फिलर हात गुळगुळीत करते, लहान करत नाही. उलट किंचित भरीवच करते. मूळ पंजा मोठा असेल आणि सगळ्या शिरा पूर्ण झाकायचा हट्ट धरला, तर हात सुजलेला दिसतो. निम्मे झाकावे आणि थांबावे. निळसर डाग, गाठी, जंतुसंसर्ग हे दुष्परिणाम संभवतात. द्रव्य रक्तवाहिनीत गेल्यास त्वचेचा तुकडा मरू शकतो, त्यामुळे इंजेक्शननंतर असह्य वेदना होऊ लागल्या, त्वचा पांढरी पडली किंवा जाळीदार निळी झाली, तर सकाळची वाट न पाहता तत्काळ डॉक्टरांना गाठावे.

शिरा बंद करण्याच्या सल्ल्याशी मी असहमत आहे. पायांवरच्या व्हेरिकोज शिरा बिघडलेल्या असतात. हातावरच्या तुमच्या शिरा निरोगी आहेत आणि रक्त परत नेण्याचे त्यांचे काम चालू आहे. त्या बंद केल्यावर दुखरी, टणक गाठ होणे आणि सूज येणे हे होऊ शकते. तुम्ही इस्ट्रोजेन घेत असाल तर रक्ताची गुठळी होण्याचा विचार अधिकच करावा लागतो. आणि उद्या रुग्णालयात सलाइन लावायची वेळ आली, तर परिचारिका पहिल्यांदा ज्या शिरा शोधते त्या नेमक्या याच. फिलरसाठी मात्र संप्रेरके थांबवण्याचे सामान्यतः कारण नसते. कोणत्याही उपचारापूर्वी ती स्वतःच्या मनाने बंद करू नका.

प्रश्न: आमच्या ओळखीत एकजण घरी येऊन अगदी कमी पैशांत हातांत आणि गालांत 'कायमचे' इंजेक्शन देतो. अनेकींनी घेतले आहे. घ्यावे का? (एक वाचक, मुंबई)

उत्तर: अजिबात घेऊ नका. 'कायमचे' आणि स्वस्त असे जे द्रव्य घरोघरी टोचले जाते ते बहुतेक वेळा द्रवरूप सिलिकॉन असते, आणि कधी कधी ते वैद्यकीय दर्जाचेही नसते. शरीराला आकार देण्यासाठी सिलिकॉन टोचण्याविरुद्ध अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ साली जाहीर इशारा दिला होता. ते सरकते, वर्षांनंतरही कठीण गाठी करते, फुप्फुसात गेले तर जीवही घेऊ शकते. हातात ते स्नायुबंधांना चिकटले की बोटे वाकत नाहीत आणि ते पूर्णपणे काढता येत नाही. ज्यांनी आधीच घेतले आहे त्यांनी लाजेने लपवू नये. गाठ, लाली किंवा धाप यांपैकी काही जाणवले तर काय टोचले आहे ते डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

फिलर देणारी व्यक्ती नोंदणीकृत डॉक्टर असावी, शक्यतो प्लास्टिक सर्जन किंवा त्वचारोगतज्ज्ञ. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर नोंदणी तपासता येते. डबा तुमच्यासमोर उघडला जावा आणि त्यावरचे नाव, बॅच क्रमांक व मुदत तुमच्या कागदांत लिहिलेली असावी.

प्रश्न: मी ट्रान्स पुरुष आहे, टेस्टोस्टेरॉन हे पुरुष-संप्रेरक सुरू होऊन दीड वर्ष झाले. हात अजून लहान आणि गुळगुळीत आहेत. फिलरने ते भरदार करता येतील का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर: फिलरने शिरा झाकल्या जातात, म्हणजे तुम्हाला हव्या असलेल्या दिशेच्या नेमके उलट होईल. तुमच्या बाबतीत काळ हाच मुख्य उपचार आहे. टेस्टोस्टेरॉनमुळे अंगावरचे केस वाढण्यास सहा ते बारा महिन्यांत सुरुवात होते आणि ती वाढ चार-पाच वर्षे चालू राहते. स्नायूंची वाढ दोन ते पाच वर्षांत पूर्ण होते. चरबी कमी होऊन शिरा ठळक होतात. हाडांचे माप बदलणार नाही, परंतु मनगट आणि कोपर यांमधील भाग व्यायामाने भरला की पंजाही वेगळा दिसतो. लवकर परिणाम हवा म्हणून मात्रा स्वतःहून वाढवू नका. जादा टेस्टोस्टेरॉनने रक्त घट्ट होते, हात मोठे होत नाहीत.

प्रश्न: माझ्या भावाची (तो ट्रान्स पुरुष आहे) लिंगनिर्मितीची शस्त्रक्रिया ठरत आहे. त्यासाठी हाताची कातडी घेणार असे डॉक्टर म्हणाले. तो रिक्षा चालवतो. हात निकामी तर होणार नाही ना, आणि एवढा मोठा व्रण लपवता येईल का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: मनगट ते कोपर यांमधील त्वचा, तिच्याखालची रक्तवाहिनी आणि नसा यांसह उचलून लिंग घडवण्याची ही पद्धत १९८४ साली चिनी शल्यचिकित्सकांनी प्रसिद्ध केली आणि आजही ती जगभर वापरात आहे, कारण या त्वचेला संवेदना चांगली येते. हाताला रक्त पुरवणाऱ्या दोन प्रमुख धमन्यांपैकी अंगठ्याच्या बाजूची धमनी त्यात खर्ची पडते. उरलेली करंगळीच्या बाजूची धमनी एकटी पुरेशी आहे का, हे आधी अॅलन चाचणीने पाहतात: मनगटाजवळ दोन्ही धमन्या दाबून मूठ आवळायची, उघडायची, आणि करंगळीकडची धमनी सोडल्यावर पंजाचा रंग काही सेकंदांत परततो का ते बघायचे. परतला नाही तर त्या हाताची त्वचा घेत नाहीत. सामान्यतः कमी वापराचा हात निवडतात, म्हणजे उजव्या हाताने काम करणाऱ्याचा डावा.

हात निकामी होत नाही, पण तो काही महिने मागे पडतो. त्वचा काढलेल्या जागी मांडीची पातळ त्वचा लावलेली असते. ती रुजेपर्यंत पट्टी व आधार ठेवावा लागतो आणि त्यानंतर बोटांचे व मनगटाचे व्यायाम चिकाटीने करावे लागतात. अंगठ्याच्या पाठीवर बधिरपणा आणि थंडी अधिक जाणवणे हे काहींना दीर्घकाळ राहते. रिक्षात क्लच आणि गियर डाव्या मुठीत असतात, त्यामुळे नेमका डावा हात घ्यायचा की नाही, हा प्रश्न तुमच्या भावाने सर्जनपुढे स्वतः मांडावा; मांडीवरून त्वचा घेण्याची दुसरी पद्धतही आहे आणि पोटापाण्यासाठी ती बरी ठरू शकते. व्यवसाय न विचारता हात ठरवणे मला योग्य वाटत नाही.

व्रणाविषयी: तो बराच मोठा, चौकोनी आणि ओळखू येण्याजोगा असतो. दाबाची पट्टी, वरून लावायचे सिलिकॉन जेल आणि पहिले वर्ष उन्हापासून बचाव यांनी तो सपाट व फिका होतो. खोलगटपणा राहिला तर नंतर चरबी भरता येते. व्रण पूर्ण स्थिरावल्यानंतर, म्हणजे वर्षभर तरी थांबून, त्यावर टॅटू काढून घेणारेही आहेत. पूर्ण बाह्यांचा शर्ट हा उपाय तर कधीही हाताशी असतो.

प्रश्न: सरकारी योजनेत हातांचे उपचार बसतात का? (एक वाचक, नांदेड)

उत्तर: २०१९ च्या पारलिंगी व्यक्ती हक्क संरक्षण कायद्यात वैद्यकीय सेवा आणि विम्याची तरतूद आहे, आणि २०२२ साली आयुष्मान भारत योजनेखाली पारलिंगी व्यक्तींसाठी वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या संरक्षणाचा करार झाला. त्याचा रोख लिंगपुष्टीच्या मुख्य शस्त्रक्रियांकडे आणि इतर आजारांकडे आहे. हातांचे लेझर किंवा फिलर त्यात धरले जाईल असे गृहीत धरून पैसे खर्च करू नका. सौंदर्योपचाराच्या बिलावर वस्तू व सेवा करही लागतो, तेव्हा एकूण रक्कम करासह लेखी घ्या.

प्रश्न: हातावर फिलर किंवा लेझर केल्याने आधारसाठी दिलेले बोटांचे ठसे बदलतील का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर: नाही. हे सर्व उपचार हाताच्या पाठीवर होतात आणि ठसे बोटांच्या आतल्या बाजूला असतात. उपचारानंतर सूज असेपर्यंत यंत्राने ठसा नीट घेतला नाही, तर डोळ्यांच्या बुबुळाने किंवा चेहऱ्याने ओळख पटवण्याची सोय आधारमध्ये आहे.